न पाहिलेला रशिया

नाशिक फाट्याच्या अलीकडे, मेट्रोच्या खांबांना बांधलेले फ्लेक्स यंदाही लागलेत. रंगीत घुमटांचं चर्च, घुमटाच्या शेंड्याला गुंडाळलेला स्टेथोस्कोप, आणि समोर बर्फात उभी असलेली, पांढरा कोट घातलेली एक हसरी मुलगी. बर्फ घोट्यापर्यंत आहे आणि मुलीच्या पायात सँडल आहेत. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'रशियात डॉक्टर व्हा! महान संस्कृतीचा अनुभव घ्या!' नीटचे निकाल लागले की आठ दिवसांत हे सगळं उगवतं, आणि माझं डोकं फिरतं. कासारवाडीच्या मंडईतून भाजी घेऊन येताना मी त्या फ्लेक्सखाली थांबते आणि एकटीच बडबडते. तिथले रिक्षावाले आता मला ओळखतात. "बाईंचं सुरू झालं," असं एकमेकांना सांगतात आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतात.

निकाल ते व्हिसा असा आमच्या भागात एक वेगळाच ऋतू असतो. झेरॉक्सच्या दुकानात गरम कागदाचा वास, पांढऱ्या पडद्यापुढे कान दिसतील असे काढलेले फोटो, प्लॅस्टिकच्या फायली छातीशी धरून हिंडणारे आईबाप. बाहेर चिकचिक, अंगाला घाम, आणि दुकानात मात्र गुडघ्यापर्यंतची जर्किनं चढवून आरशासमोर उभी असलेली अठरा वर्षांची मुलं. मी गेली बत्तीस वर्षं रशियन शिकवते, त्यामुळे या ऋतूत माझ्याकडेही गर्दी होते. "मॅडम, दोन महिन्यांत बोलता येईल एवढं करून द्या," असं म्हणतात. पूर्वी मला याचा अभिमान वाटायचा, आता चीड येते.

ही सगळी चीड फ्लेक्सवरची आहे असं समजू नका. त्यातली निम्मी माझ्यावरच आहे, आणि तिचं मूळ दोन वर्षांपूर्वीच्या अशाच दिवसांत आहे. त्या वर्षी दापोडीची एक मुलगी माझ्याकडे आली, अडीच महिन्यांत भाषा शिकली आणि रशियाला गेली. तिला जायचं होतं की नव्हतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिला निरोप द्यायला मात्र सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते.

माझं रशियाचं वेड वडिलांकडून आलं. ते पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. त्यांच्या खात्यात एक रशियन मशीन होतं, आणि त्यावरच्या पत्र्याच्या पाटीवरची अक्षरं त्यांनी एकदा तंबाखूच्या पुडीच्या कागदावर उतरवून आणली होती. "ह्ये असलं लिहित्यात बघ तिकडं," म्हणाले. ती अक्षरं मला दागिन्यांसारखी वाटली. पुढे नोकरी सांभाळून पुण्याला संध्याकाळच्या वर्गाला जायला लागले, एकेक परीक्षा देत गेले आणि शिकवायलाही लागले. हळूहळू घरातही रशिया आला. चहात जाम घालून प्यायचा. उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही. घरात शीळ घालायची नाही. ह्यांनी तर पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं, "आमच्याकडे फुलं आणलीत तर मोजून, विषमच आणा बरं का. चार आणलीत तर ही समजेल, तुम्ही मयताला आलात." मी ह्यांच्यावर चिडायचे, आणि फुलं मोजायचेही.

या सगळ्यात मी रशियाला कधीच गेले नाही. आधी परवडलं नाही, मग मुलं लहान होती, मग सासूबाई आजारी होत्या, आणि पुढे पुढे, खरं सांगायचं तर, जायची भीती वाटायला लागली. मनात जे इतकी वर्षं मांडून ठेवलं होतं ते तिथं तसं नसलं तर काय करायचं, अशी ती भीती होती. पण हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. लोक गृहीत धरायचे की बाई तिकडे राहून आल्या असतील, आणि मी त्यांना धरू द्यायचे.

आणि इतरांच्या कौतुकावर मात्र तुटून पडायचे! चाकणला एका कारखान्यात मशीन बसवायला रशियन इंजिनिअर आले होते, तेव्हा दुभाषी म्हणून मी महिनाभर कंपनीच्या बसने जात होते. 'रशियन' हा शब्द उच्चारला की काही पुरुषांच्या ओठांच्या कोपऱ्यात एक घाणेरडं हसू येतं, ते मी त्या बसमध्ये रोज पाहिलं. "मॅडम, आमाला पण शिकवा की दोन शब्द," असं एक जण म्हणायचा आणि मागची सीट खिदळायची. मी त्याला एकदा सगळ्यांदेखत असं झापलं की तो पुढचे आठ दिवस दुसऱ्या बसने आला. दुसरीकडे पिंपळे सौदागरच्या बागेत सकाळी फिरायला येणारे ते सुखवस्तू काका. "शिस्त बघायची तर रशियात बघा राव. एकदम कडक. आपल्याकडे असाच कुणीतरी पाहिजे." यांना त्या देशातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. हवा होता फक्त दंडुका, तोही दुसऱ्याच्या पाठीवर. मला वाटायचं, यांचं कौतुक अडाणी आहे आणि माझं अभ्यासू आहे. माझं त्यांच्यापेक्षा वेगळं एवढंच होतं की मला त्या भाषेतली क्रियापदं चालवता येत होती.

प्रज्ञा आली ती तिच्या वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून, फाइल पिशवीत गुंडाळून. मिलिंदराव चाकणच्या कंपनीत पेंट शॉपला. फर्स्ट शिफ्ट करून थेट आले होते, अंगाला थिनरचा वास होता. परभणीकडून वीस-बावीस वर्षांपूर्वी आलेला माणूस, दापोडीत रेल्वे लाइनीजवळ दोन खोल्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि म्हणाले, "मॅडम, ही आमची प्रज्ञा. रशियाला धाडायलोय. हिला तेवढं बोलायला शिकवा. मी इकडं आलो तवा सुपरवायझर काय म्हनायलाय तेच कळत नव्हतं. सहा महिने मान हलवली नुसती. लेकराला तसं नको व्हायला." मला ते फार आवडलं. मुलीला परदेशी पाठवताना तिच्या तोंडातल्या भाषेचा विचार करणारा बाप माझ्याकडे त्याआधी आला नव्हता.

तिच्याकडे वह्या नव्हत्या असं नाही, पण ती सराव करायची तो वडिलांच्या कंपनीतल्या तपासणीच्या जुन्या कागदांच्या पाठीवर. एका बाजूला 'रिजेक्ट' असा लाल शिक्का, दुसऱ्या बाजूला तिची गोल, टपोरी रशियन अक्षरं. बाकीची मुलं 'बाथरूम कुठे आहे' आणि 'हे केवढ्याला' एवढं पाठ करून मोकळी व्हायची. ही विचारायची, "मॅडम, यांच्यात 'आहे' म्हणावंच लागत नाही? मी प्रज्ञा, झालं वाक्य? भारी आहे हे!" एकदा तिने आईला भाकरीची कृती विचारून ती रशियनमध्ये लिहून आणली. 'थापणे'साठी शब्द सापडेना म्हणून दोन दिवस हैराण होती. शेवटी तिने 'तळहाताने हळूहळू समजावणे' असं काहीतरी लिहिलं. इतक्या वर्षांत मला एवढं सुंदर चुकीचं वाक्य कुणी दिलं नव्हतं. मी तिच्यासाठी जाम घातलेला चहा केला, तिने तोंड वाकडं केलं आणि तरीही संपवला.

श्रावणातल्या एका दुपारी, पुस्तक मिटून ती म्हणाली, "मॅडम, नुसती भाषा शिकून काय होता येतं?"

मी हसले. "उपाशी राहता येतं. बघ माझ्याकडे." मग तिचा चेहरा पाहून म्हणाले, "तुझं बरं आहे गं. तुला डॉक्टरकीही मिळेल आणि भाषाही."

तिने पुस्तक पिशवीत घातलं. पुढच्या आठवड्यात म्हणाली, "मम्मी बातम्या बघून रडते. तिकडं युद्ध आहे ना." तेव्हा मी तिला काय सांगितलं, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी म्हणाले, "त्या लोकांनी किती सोसलंय माहीत आहे? सोसावं कसं हे त्यांच्याकडून शिकावं." एका घाबरलेल्या मुलीला मी, पंख्याखाली बसून, न पाहिलेल्या देशाच्या दुःखाचं कौतुक ऐकवलं. ती मुलगी दोनदा माझ्यापर्यंत आली आणि मी दोन्ही वेळा तिला रशिया दाखवून परत पाठवलं.

त्याच महिन्यात पिंपळे सौदागरच्या एका हॉलमध्ये त्या प्रवेश मिळवून देणाऱ्यांचा कार्यक्रम झाला. प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलावलं होतं. दारात लाल झगे घातलेल्या, डोक्यावर पुठ्ठ्याचे मुकुट लावलेल्या दोन मुली उभ्या होत्या, एक सांगवीची, एक रहाटणीची. हातात कशिदा काढलेला टॉवेल, त्यावर बेकरीतला गोल पाव आणि वाटीत मीठ. पाहुण्यांचं असं स्वागत करायची तिकडची रीत आहे, पावाचा तुकडा मोडायचा, मिठाला लावायचा आणि खायचा. आपल्या आईबापांना ते कुठलं माहीत असायला? कुणी मीठ कपाळाला लावलं, कुणी पावाला नमस्कार करून पुढे गेलं, एका आजोबांनी चिमूटभर मीठ उचलून मुठीत धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. मला हसू आलं नाही, उलट संताप आला. हे काय रीतीचं माकड करून ठेवलंय, असं म्हणत मी तावातावाने स्टेजवर चढले.

टाय लावलेल्या त्या साहेबांनी माइक घेतला. "आपल्यामध्ये आज अशा मॅडम आहेत, ज्या अनेक वर्षं रशियात राहून आल्या आहेत!" टाळ्या झाल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हसले. समोर दोनशे माणसं होती, तिसऱ्या रांगेत मिलिंदराव होते, शेजारी प्रज्ञाची आई छाया, आणि मध्ये प्रज्ञा. 'नाही हो, मी कधी गेलेच नाही,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणाले नाही. मी पाव-मिठाचा अर्थ सांगितला. आपल्या मीठभाकरीशी तो जोडला. तिथली माणसं पुस्तकं कशी वाचतात, पाहुण्याला उपाशी कशी जाऊ देत नाहीत, वरून तुसडी वाटली तरी आतून कशी मऊ असतात, हे सगळं मी असं सांगितलं की जणू कालच त्यांच्या स्वयंपाकघरातून उठून आले होते. उभ्या आयुष्यात माझा रशिया इतक्या लोकांनी कधी ऐकला नव्हता. मला चढली होती. त्या टायवाल्याला मी आजही शिव्या घालते, पण तो त्याचा धंदा करत होता. मी काय करत होते?

खाली उतरल्यावर मिलिंदराव हात जोडून म्हणाले, "मॅडम, आता जीवाला घोर न्हाई बघा. तुमी ऱ्हाऊन आलाव म्हनल्यावर आमचं लेकरू बी ऱ्हाईल." तेव्हाही मी गप्प होते.

निघायचा दिवस भाद्रपदातला होता. विमान मुंबईहून होतं, तिथं नेणारी भाड्याची गाडी दुपारी दोनला निघणार होती. दापोडीच्या त्या दोन खोल्यांत चाळीस माणसं होती. लाइनीवरून लोकल गेली की भांडी थरथरायची. चारही बाजूंनी सल्ले चालू होते, कुणी मेतकूट घालत होतं, कुणी बॅगेवर बसून चेन ओढत होतं, परभणीहून आलेली आत्या खिरीच्या वाट्या फिरवत होती. मग सगळे बुद्धमूर्तीसमोर उभे राहिले आणि त्रिशरण-पंचशील झालं. घर एकदम शांत झालं. छायाने लेकीचा हात हातात घेतला. "जाते म्हनू नको बाई. येते म्हन," म्हणाली. मी बाजूला खुर्चीवर बसून घड्याळ बघत होते. मला वाटत होतं, यांचं झालं की आपण आपलं सुरू करू.

ते 'आपलं' म्हणजे काय, तर तिकडची एक रीत. लांबच्या प्रवासाला निघताना घरातले सगळे बसतात. पाहुणेसुद्धा. मिनिटभर शांत बसायचं, मग उठायचं आणि निघायचं. वर्गात मी ही रीत इतकी रंगवून सांगितली होती की ऐकताना माझ्याच अंगावर काटा यायचा. मी उभी राहिले आणि म्हणाले, "प्रज्ञा रशियाला चाललीय, तर तिला तिकडच्या रीतीने निरोप देऊ. सगळ्यांनी बसा. एक मिनिट कुणीही, अजिबात बोलायचं नाही. आणि उठल्यावर थेट गाडीत, मागे वळायचं नाही." चाळीस माणसं खाली बसली. आत्या वाटी हातात घेऊन बसली. मॅडम सांगतायत म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? त्यांच्या घरात आत्ताच त्यांची स्वतःची, त्यांना कळणारी शांतता होऊन गेली होती, आणि ती पुरेशी नाही असं ठरवणारी मी कोण होते, हे त्यातल्या एकानेही मला विचारलं नाही. आपल्याकडे शिकलेल्या बाईला असं विचारत नाहीत.

प्रज्ञा बॅगेवर बसली होती. नवं जर्किन मांडीवर, कपाळावर घाम. अर्धं मिनिट गेलं असेल. तिने मान वर केली, वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा..."

मी ओठांवर बोट ठेवलं. "श्श."

ती थांबली. तिचं तोंड तसंच किंचित उघडं राहिलं, मग मिटलं. मी हातातल्या घड्याळात पाहत राहिले, मिनिट पुरं झालं, मी मान हलवली. सगळे उठले. बॅगा उचलल्या गेल्या, गाडीचं दार लागलं. माझ्या सूचनेप्रमाणे तिने मागे वळून पाहिलं नाही. माझे डोळे भरून आले होते, आणि कशाने, तर ती रीत दापोडीत किती सुंदर पार पडली म्हणून.

नंतरच्या दोन वर्षांत त्या गल्लीत माझी रीत रुजली. लातूरला नोकरीवर रुजू व्हायला निघालेला असो की बाळंतपणाला माहेरी निघालेली असो, आधी बसायचं, चूप. मिलिंदरावांनी तर रशियाच डोक्यावर घेतला. प्रज्ञाने पाठवलेली केसाळ टोपी घालून डिसेंबरात फर्स्ट शिफ्टला जायचे. कॅन्टीनमध्ये त्यांना 'कॉम्रेड' म्हणायला लागले होते. तिथं बर्फ कसा पडतो, बस कशी मिनिटाला येते, म्हातारी माणसंही कशी पुस्तक वाचत उभी असतात, हे ते सांगायचे आणि पोरं जेवण थांबवून ऐकायची. रस्त्यात भेटले की मलाही सांगायचे. मी ऐकून घ्यायचे. ते माझीच वाक्यं मला परत देत होते, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

यंदा जुलैत प्रज्ञा सुट्टीला आली. एका संध्याकाळी एकटीच माझ्याकडे आली. वाळली होती, केस कापले होते, आवाज मोठा झाला होता. मी हावरटासारखी विचारत सुटले, नदी कशी गोठते, स्वयंपाकघरं कशी असतात, माणसं कशी आहेत. ती म्हणाली, "माणसं माणसांसारखीच आहेत मॅडम. बसमध्ये खेकसतात. कंटाळलेली असतात. काही जण खूप चांगले आहेत." इथून गेलेल्या मुलांपैकी तिलाच भाषा नीट येते, त्यामुळे बँकेत, दवाखान्यात, पोलिसांच्या नोंदणीला सगळे तिलाच ओढून नेतात, हे तिने सांगितलं. अ‍ॅनाटॉमीत पास झाली होती, जेमतेम.

मग म्हणाली, "होस्टेलच्या दाराशी एक आजी बसतात. सुट्टीला निघाले तर त्यांनी हाक मारली, 'बस आधी.' मी बसले. तुम्ही शिकवलं होतं तशी, अगदी ताठ, गप्प. एकदम आठवलं की चार्जर वर राहिला. पण बोलायचं कसं? म्हणून बसूनच राहिले. आजींनी विचारलं, 'काय गं, तोंड का असं झालंय?' मी सांगितलं. तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, 'अगं वेडे, म्हणून तर बसायचं! गडबडीत काय राहून गेलं ते आठवावं आणि सांगावं म्हणून. गप्प बसायला काय ती प्रार्थना आहे?'"

मी हातातला कप खाली ठेवला. पुस्तकात 'शांत बसतात' असं लिहिलेलं होतं. का बसतात, हे मी तीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं, कारण विचारायला जावं लागतं. त्यांची एक साधी, घरगुती, उपयोगाची सवय मी उचलली, तिचं देऊळ बांधलं आणि दारात पुजारीण होऊन बसले.

"त्या दिवशी..." मी म्हणाले.

"त्या दिवशी मला आठवलं होतं मॅडम," प्रज्ञा म्हणाली. "मला नव्हतं जायचं. मला भाषाच शिकायची होती, इथंच, पुण्यात. तीन आठवडे ठरवत होते. सगळ्यांच्या गोंधळात बोलता येत नव्हतं. तुम्ही बसवलंत, शांत झालं, तेव्हा वाटलं, आता बोलू."

मी फोन उचलला. "आत्ता लावते तुझ्या पप्पांना. आत्ताच्या आत्ता सांगते."

"नका," ती म्हणाली, आणि तिने पहिल्यांदा आवाज चढवला. "तुम्ही नका सांगू. आता ते रशियाचे झालेत. गल्लीत, कंपनीत, सगळीकडं. मी काय सांगू त्यांना, की ते जे सांगतायत तसं तिथं काही नाही? फोनवर मी काही बोलायला लागले की तेच मला सांगतात, रशिया कसा आहे ते!"

कौतुकात बुडालेल्या माणसाला तिथून आलेली बातमी नको असते, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक होतं? तिच्या चिठ्ठ्या-मेसेजांतून मीही बर्फ आणि चर्च तेवढं वेचून घेत आले होते. 'झोप येत नाही' असं तिने तीनदा लिहिलं होतं. मी उत्तरात विचारलं होतं, 'बर्चची झाडं दिसतात का खिडकीतून?'

खाली स्कूटर थांबली. मिलिंदराव लेकीला न्यायला आले होते, शिफ्ट सुटून थेट. दारातूनच म्हणाले, "मॅडम, बरं झालं सापडलाव. तुमीच सांगा हिला. आल्यापासून गपगप हाय. काय इचारलं तर म्हनायली, तिकडं काय इशेष न्हाई पप्पा. आता इशेष न्हाई म्हनजी? कंपनीतली दोन पोरं औंदा आपापल्या बहिनीला धाडायलेत, निस्तं माझं ऐकून. सांगा की जरा. तुमी इतकी वर्सं ऱ्हाऊन आलेल्या."

प्रज्ञा खिडकीकडे बघत होती. माझ्या तोंडात सगळं तयार होतं, पाव-मीठ, पुस्तकं, वरून तुसडी आणि आतून मऊ माणसं. इतक्या वर्षांची सवय आहे, जीभ आपोआप वळते. मला माझ्या त्या जिभेची किळस आली.

"मिलिंदराव," मी म्हणाले, "मी रशियाला कधी गेलेले नाही."

ते हसले. थट्टा वाटली असावी.

"एक दिवसही नाही. त्या दिवशी हॉलमध्ये ते माइकवाले साहेब खोटं बोलले आणि मी गप्प बसले. तुम्ही हात जोडलेत तेव्हाही गप्प बसले. मी जे सांगितलं ते सगळं वाचलेलं होतं. त्यातलं खरं किती, ते मला माहीत नाही."

त्यांचं हसू हळूहळू उतरलं. डोक्यावरची कंपनीची टोपी काढून त्यांनी हातात घेतली आणि त्या टोपीकडेच पाहत राहिले. "आन् ते बसायचं? निघताना?" त्यांनी विचारलं. "आमी समदे बसतो की आता."

"तेसुद्धा मी चुकीचं शिकवलं."

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण तो माणूस माझ्यावर रागावलासुद्धा नाही, आणि तेच मला सहन होईना. तिने जे सांगू नका म्हटलं होतं ते मी सांगणार नव्हते, आणि त्यांचं समाधान करायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"मला विचारू नका," मी म्हणाले. "घरात तिथं राहून आलेलं एकच माणूस आहे. हिला विचारा."

मिलिंदराव लेकीकडे वळले. तिला पहिल्यांदाच बघत असावेत असं बघत होते. "मंग तूच सांग बाई," ते म्हणाले. "काय हाय तिकडं? आन् तुला काय झालंय?"

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"पप्पा, आधी बसा तुम्ही," ती म्हणाली. "वेळ लागेल."